फागण्याचा सौदा

नाव दगा. दगा भिला बोरसे.
मित्र फोनवरच हसले होते:
जुना माल, आणि तोही दगाकडून!

वरची तीन भावंडं गेली, म्हणून
सटवाईला चकवायला आईने ठेवलेलं नाव.
हे त्यानेच सांगितलं, जॅक लावता लावता,
मी न विचारता.

शेडमध्ये कापसाच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी,
आणि त्यात त्याची पिवळी, दोन दारांची,
माझ्या लाल गाडीची थोरली बहीण शोभेल अशी.
माझी बसकी. हौसेने बसवलेली.
एरंडोलच्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं
आणि दर वेळी मी डोळे मिटतो.
तेवढ्याचसाठी आलोय, असं मी म्हणालो.

शॉकप उभा धरून दाबला.
सावकाश वर आला,
जेवण झाल्यावर पाटावरून उठणाऱ्या माणसासारखा.
तेल नाही गळत. बुशात नख खुपसलं, रबर अजून रबर होतं.
लोअर आर्मवरून बोट फिरवलं, वेल्डिंगचा टाका शोधत.
‘देख, देख,’ तो म्हणाला, ‘नाव दगा शे, लोखंड नही.’

मी सहा हजार म्हणालो.
त्याने पान्हा खाली ठेवला.
‘पैसा नको माले.
तुन्ह्या कडक स्प्रिंगा सोडी जा.’

मग चारही स्प्रिंगा फरशीवर उभ्या केल्या,
शेजारी पोलादी पट्टी.
माझी उजवी दोन सूत आखूड.
त्याने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.
‘एकलाच फिरस वाटतं तू.’
मी म्हणालो, रस्तेच तसे आहेत.
रस्ते दोन्ही चाकांना सारखेच असतात,
हे मला कळत होतं. त्यालाही.

त्याच्या दोन्ही अगदी सारख्या दबलेल्या.
सुताचाही फरक नाही.
किती वर्षं, किती किलोमीटर, ते मी विचारलं नाही.
सीट सरकवताना डाव्या दाराच्या खिशातून
दोन आकडे पडले आणि बडीशेपेची चुरगळलेली पुडी.
त्याने ते उचलले,
फुंकर मारली,
पुन्हा खिशातच ठेवले.

दुपार कॉम्प्रेसरच्या दोन आट्यांमध्ये गेली.
आवळलेल्या स्प्रिंगसमोर कुणी तोंड धरत नाही,
आम्हीही बाजूला बसून बोललो:
कपाशीचा भाव, धुळ्यातला कोणता टर्नर चांगला,
कोणाकडे लिंक रॉड पडून असेल.
संध्याकाळी थंडी उतरली,
त्याने पऱ्हाट्या पेटवल्या, चार वांगी ढकलली त्यात,
आणि काळ्या हातांनीच साली काढल्या.

माझी आखूड स्प्रिंग त्याने उजवीकडेच चढवली.
अदलाबदल कर, मी म्हणालो, गाडी कलेल.
‘ऱ्हाऊ दे.
आते मन्हं वजन बी तिकडेच शे.’

निघालो तेव्हा आरशात पिवळी दिसली,
दोन बोटं खाली बसलेली.
तिच्या टपावर कोपर टेकून तो उभा,
उंची आता त्याच्या सोयीची झाली होती.

माझ्या डाव्या सीटवर त्याने वांग्यांचं पोतं ठेवलेलं.
मी नको म्हणत असताना बेल्टही लावून दिला,
ओढून पाहिला, घट्ट आहे ना.

मुकटी गेली. पारोळा गेलं.
समोरून केळीचे ट्रक, त्यांचे दिवे.
गाडी सरळ होती, कुठेच झुकत नव्हती,
आणि या सरळपणाची मला सवय नव्हती.
एरंडोलला गतिरोधक आला.
मी डोळे मिटले.
काही घासलं नाही.

पोतं तेवढं किंचित उचललं गेलं,
आणि सावरून बसलं.